दोन तास डोळा लागला म्हणून अकरा तास नव्याने मिळत नाहीत

अमेरिकेतल्या ट्रकांचं डिस्पॅच, म्हणजे कुठली गाडी कुठला माल कधी नेणार हे ठरवण्याचं काम, रात्रपाळीत इथे बसून सांभाळणाऱ्या मुलामुलींमध्ये एक मेसेज सारखा फिरतो: ‘ड्रायव्हरला स्प्लिट घ्यायला लावा. दोन-तीन तास थांबला की घड्याळ थांबतं, उठला की ११ तास पुन्हा मिळतात. कुठेही झोपला तरी चालतं. दिवसाला १६-१७ तास गाडी पळते आणि सगळं कायदेशीर.’ स्प्लिट म्हणजे रोजची विश्रांती दोन भागांत तोडून घेणं. हा मेसेज खरा मानून लोड, म्हणजे मालाची खेप, लावला, तर नियमभंग ड्रायव्हरच्या लॉगवर, म्हणजे तासांच्या नोंदीवर, चढतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी मूळ नियम. सलग १० तास विश्रांती झाली की ड्रायव्हरला ११ तास ड्रायव्हिंग मिळतं, पण ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत. जेवण, ट्रॅफिक, गोदामाबाहेरची रांग, सगळं त्या १४ तासांतच जातं.

‘घड्याळ थांबतं.’ यात तथ्य आहे, पण अट गाळली आहे. २९ सप्टेंबर २०२० पासून विश्रांतीचे दोन भाग करता येतात: एक किमान ७ तासांचा, सलग आणि स्लीपर बर्थमध्ये (ट्रकच्या केबिनमधल्या झोपायच्या जागेत), दुसरा किमान २ तासांचा, दोन्ही मिळून किमान १०. म्हणजे ७ आणि ३, किंवा ८ आणि २. ही जोडी पुरी झाली तरच दोन्ही भाग १४ तासांतून वगळले जातात. २०२० च्या बदलाआधी छोटा भाग १४ तासांतच धरला जायचा, त्यामुळे हा बदल ड्रायव्हरच्या खरोखर सोयीचा आहे. पण जोडीतला दुसरा भाग राहून गेला, तर पहिल्या भागाची सूट मिळत नाही.

‘उठला की ११ तास पुन्हा मिळतात.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, म्हणून आकडे मांडून बघू. पूर्ण विश्रांती घेतलेला ड्रायव्हर सकाळी ६ ला निघाला. ११ पर्यंत ५ तास गाडी चालवली. ११ ते २ विश्रांती. २ ते ४ गोदामात माल भरण्याचं काम. ४ ते रात्री १० अजून ६ तास ड्रायव्हिंग. एकूण ड्रायव्हिंग ११ तास झालं. साध्या हिशोबाने त्याचे १४ तास रात्री ८ ला संपतात. ८ ते १० ची गाडी कायदेशीर ठरते ती केवळ त्यानंतर तो सलग ७ तास बर्थमध्ये झोपला तरच. साडेसहा तासांनी आपण फोन करून त्याला गाडीवर बसवलं, तर कालचे ते दोन तास नियमभंगात जातात.

समजा तो पुरे ७ तास झोपला आणि पहाटे ५ ला उठला. आता किती तास हातात? मोजणी पहिली विश्रांती संपली तिथून, म्हणजे दुपारी २ पासून होते. तेव्हापासून ड्रायव्हिंग ६ तास, म्हणून उरले ५. ड्युटी ८ तास, म्हणून १४ मधले उरले ६. सकाळी ११ च्या आत ५ तास, एवढंच. डिस्पॅचरने ११ तास धरून लोड घेतला असेल, तर तो वेळेत पोहोचणारच नाही, आणि बोलणी खाणार ड्रायव्हर.

‘दिवसाला १६-१७ तास.’ विश्रांतीचे किमान १० तास कुठे जात नाहीत. २४ मधून १० गेले की १४ उरतात, आणि तेही रोज नाहीत: ७ दिवसांत ६० किंवा ८ दिवसांत ७० तास ड्युटी झाली की ड्रायव्हिंग बंद. स्प्लिटमुळे ही मर्यादा वाढत नाही. ती शून्यावर आणायला सलग ३४ तासांची सुट्टी लागते.

‘कुठेही झोपला तरी चालतं.’ छोटा भाग ऑफ-ड्युटी कुठेही घ्या. मोठा बर्थमध्येच, मोटेलच्या खाटेवरचे ७ तास धरले जात नाहीत. बर्थ नसलेल्या डे-कॅबला स्प्लिटचा उपयोगच नाही. आणि ८ तास ड्रायव्हिंगनंतरचा अर्ध्या तासाचा ब्रेक वेगळा, त्याची इथे सरमिसळ नको.

आणखी एक पुरवणी हल्ली जोडली जाते: ‘आता ५-५ पण चालतं.’ २०२५ मध्ये ६-४ आणि ५-५ ची मर्यादित चाचणी घेण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्याच्या भरवशावर आपल्या ड्रायव्हरला ५ तासांत उठवू नये. युरोपात तर रोजची ११ तासांची विश्रांती तोडली तर ३ आणि ९ अशी घ्यावी लागते, म्हणजे तोडल्याबद्दल एक तास जास्तच.

स्प्लिट वाईट नाही. शिपरने, म्हणजे माल पाठवणाऱ्याने, चार तास ताटकळत ठेवलं, पुढे शहरात संध्याकाळची गर्दी आहे, अशा वेळी ड्रायव्हरने स्वतःहून घेतलेला स्प्लिट त्याचा दिवस वाचवतो. अमेरिकेत बहुतेक लांब पल्ल्याचे ड्रायव्हर मैलावर पैसे घेतात. थांबलेला तास त्यांच्याच खिशातून जातो, त्यामुळे गाडी चालावी ही त्यांचीही इच्छा असते. तरीही तो ‘माझ्याकडे तास नाहीत’ म्हणाला, तर आधी त्याचा ईएलडी लॉग (ट्रकमधल्या यंत्राने ठेवलेली तासांची नोंद) उघडा आणि वरच्यासारखी मोजणी करा. तास नाहीत हे सांगूनही लोड काढून घेण्याची धमकी देणं हा २०१६ पासून अमेरिकेत वेगळा नियमभंग मानला जातो, आणि त्यात कंपनीबरोबर शिपर आणि ब्रोकरही (माल आणि ट्रक यांची गाठ घालून देणारा मध्यस्थ) सापडतात.