एकच खा पण गावरान खा? अजिबात नको

अंड्यांबद्दलचे असे मेसेज मी एरवी न वाचताच पुढे जाते. पण हा वहिनीकडे पोचला आणि वहिनीने तो खरा मानून घरातली पांढरी अंडीच बंद केली. भाची ९ वर्षांची, रोज एक अंडं आवडीने खायची, आता तिला आठवड्यातून जेमतेम तीन मिळतात, कारण गावरान अंडं दुप्पट पैशाला पडतं आणि महिन्याचं बजेट काही वाढलेलं नाही. हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे, पण ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकललाय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मेसेज साधारण असा: बॉयलरची पांढरी अंडी म्हणजे विष, कोंबडीला हार्मोनची इंजेक्शनं देऊन दिवसाला दोन-तीन अंडी काढतात, ती खाऊन मुली लवकर वयात येतात, त्यात प्रोटीन नसतंच, गावरान अंड्याचा बलक गडद म्हणजे ताकद जास्त, ते कच्चं प्यायलं तरी चालतं, आणि शेवटी, महाग असलं तरी एकच खा पण गावरान खा.

आधी ते 'बॉयलर'. आपण सगळेच बोलताना म्हणतो, मीही म्हणते, पण ब्रॉयलर ही मांसासाठी वाढवलेली कोंबडी, ती पाच-सहा आठवड्यांत कापायला जाते. कोंबडी अंडी घालायला लागते साधारण १८ ते २० आठवड्यांची झाल्यावर. म्हणजे ब्रॉयलर त्या वयापर्यंत जगतच नाही. अंडी देणारी ती लेअर, तिची जातच वेगळी, अंगाने बारीक. ज्याने हा मेसेज लिहिला त्याला कुठली कोंबडी अंडं देते हेही माहीत नाही आणि आपण त्याच्या सांगण्यावरून मुलांचं खाणं ठरवतोय.

आता ती दिवसाला दोन-तीन अंडी. हे वाचून खरंच कुणाला प्रश्न पडला नाही? एक अंडं कोंबडीच्या पोटात तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. बलक सुटतो, त्यावर पांढरा भाग चढायला तीनेक तास जातात, मग पातळ पडदे, आणि नुसतं कवच चढायलाच २० तासांच्या आसपास. कवच बनवणारी जागा एकच, तिथलं अंडं बाहेर पडल्याशिवाय पुढच्याची पाळी येत नाही. कुठलंही इंजेक्शन द्या, कवच तीन तासांत चढणार नाही. मग लेअर वर्षाला ३०० अंडी कशी देते? रानातली लाल कोंबडी, जिच्यापासून आपल्या सगळ्या कोंबड्या आल्या, ती वर्षाला १०-१५ अंडी घालते. पिढ्यानपिढ्या जास्त अंडी देणाऱ्या कोंबड्या निवडून त्यांचीच पैदास केली, त्यांना मोजून खाद्य आणि कॅल्शियम दिलं, आणि शेडमध्ये रोज १४ ते १६ तास उजेड ठेवला. कोंबडीच्या अंडी घालण्याची कळ उजेडात आहे. म्हणून तर दिवस लहान झाले की मोकळ्या कोंबड्या अंडी कमी देतात.

आणि इंजेक्शन देणार कोण? एका शेडमध्ये हजारो कोंबड्या, प्रत्येक पकडून पुन्हा पुन्हा टोचायची, त्याची मजुरी, वर औषधाचा खर्च, आणि तरी अंडं स्वस्त? खाद्यातून द्यावं तर वाढीचं हार्मोन हे स्वतःच प्रोटीन असतं, ते पोटात गेलं की बाकी प्रोटीनसारखं पचून जातं. अंडं स्वस्त आहे यातच उत्तर आहे.

एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. ही अफवा अगदीच हवेतून आलेली नाही. १९४० आणि ५० च्या दशकात अमेरिकेत डीईएस नावाच्या हार्मोनच्या गोळ्या कोंबड्यांच्या मानेत कातडीखाली बसवायचे. पण त्या मांसासाठीच्या नरांना, ते लवकर भरावेत म्हणून. अंडी देणाऱ्या माद्यांना नाही. आणि तेही १९५९ मध्ये बंद झालं. एवढ्या जुन्या गोष्टीचं भूत आजच्या अंड्याला चिकटवून ठेवलंय.

मला खरा राग आहे तो मुलींच्या वाक्याचा. आईच्या मनात ही एकदा भीती घातली की ती बिचारी काय करणार, ती अंडीच बंद करणार. मुली पूर्वीपेक्षा लवकर वयात येतायत हे खरंय, त्याची कारणं बरीच आहेत आणि लहानपणी वाढलेलं वजन हे त्यातलं एक पक्कं कारण. अंडं हे कारण नाही. कोंबडीचे स्वतःचे नैसर्गिक हार्मोन अंड्यात अगदी सूक्ष्म असतात, आणि ते पांढऱ्यात असतात तसेच गावरानमध्येही असतात. मुलीला ८ वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे न्या. अंडी बदलून बघत महिने घालवू नका.

प्रोटीन नसतं म्हणे. ५० ग्रॅमच्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं, कोंबडी पिंजऱ्यात असो की अंगणात. उलट गावरान अंडं बरेचदा लहान असतं, म्हणजे नगामागे थोडं कमीच. भाव करताना नग नाही, वजन बघा.

बाकी पोषणाचं म्हणाल तर नुसत्या मतांपेक्षा एक अभ्यास सांगते. केनेथ अँडरसन, नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी, 'पोल्ट्री सायन्स' या जर्नलमध्ये २०११ साली छापलाय. पिंजऱ्यातल्या आणि मोकळ्या कोंबड्यांची अंडी शेजारी शेजारी तपासली. कोलेस्टेरॉल ५० ग्रॅममागे १६३ आणि १६५ मिलिग्रॅम, म्हणजे सारखंच. अ आणि ई जीवनसत्त्वात फरक नाही. ओमेगा-३, म्हणजे शरीराला चांगलं फॅट, पिंजऱ्यातल्यात ०.१४ टक्के, मोकळ्यातल्यात ०.१७. फॅट मोकळ्यातल्यात किंचित जास्त. झालं. या एवढ्या फरकासाठी दुप्पट पैसे? काही अभ्यासांत हिरव्या गवतावर चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यात ओमेगा-३ आणि ई याहून जास्त सापडलंय, नाही म्हणत नाही, पण मग कोंबडीने खरंच गवत खाल्लेलं हवं, नुसतं 'फ्री रेंज' लिहिलेलं नको. आणि ड जीवनसत्त्व खरंच वाढतं. जर्मनीतल्या हाले विद्यापीठाच्या अभ्यासात उन्हात फिरणाऱ्या कोंबड्यांच्या बलकात ते जवळजवळ चौपट निघालं. पण ते ऊन कोंबडीने घेतलं तसं मुलीलाही घेता येतं, तिला खेळायला बाहेर सोडा, पैसे पडत नाहीत.

गडद बलक म्हणजे ताकद, हे तर सोडाच. खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क किंवा लाल मिरचीचा रंग घातला की बलक केशरी होतो. फार्मवाल्यांकडे बलकाच्या रंगाचं चक्क शेड कार्ड असतं, त्यावरून हवा तो रंग ठरवतात. तपकिरी कवचाचंही तेच, तो कोंबडीच्या जातीचा रंग. तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्याही पिंजऱ्यात असतात, तेव्हा रंग बघून गावरान समजून जास्त पैसे देऊ नका.

कच्चं अंडं मात्र प्लीज कुणी पाजू नका. साल्मोनेला हा जुलाब-उलट्या करणारा जंतू कोंबडीच्या पोटातच अंड्याच्या आत शिरू शकतो, कवच कितीही स्वच्छ दिसलं तरी, आणि कोंबडी अंगणात फिरते म्हणून तो तिला वगळत नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई यांना त्याने हॉस्पिटल गाठावं लागू शकतं. वर ताकदीसाठी म्हणून पाजता ना? बेल्जियममधल्या १९९८ च्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्याचं प्रोटीन ९१ टक्के पचलं आणि कच्च्याचं ५१. निम्मं वाया.

'मोकळं म्हणजे शुद्ध' हेही आपण धरूनच चालतो. कोंबडी मातीतलं टिपून खाते, माती खराब तर अंडं खराब. सिडनीत घरच्या परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यात शिसं दुकानातल्या अंड्यांच्या सरासरी ४० पट सापडलं होतं. औषधांचंही तसंच. पोल्ट्रीत अँटिबायोटिकचा गैरवापर होतो, हा प्रश्न खरा आहे आणि गंभीर आहे, पण मोकळ्या कोंबड्या आजारी पडत नाहीत आणि त्यांना औषध देतच नाहीत असं कुणी सांगितलं?

आता हिशोब. रोज एक पांढरं अंडं, आठवड्याला ७, म्हणजे ४२ ग्रॅम प्रोटीन. गावरान तीन, १८ ग्रॅम. बी-१२ जीवनसत्त्व आणि मेंदूला लागणारं कोलीन पण त्याच प्रमाणात निम्म्याखाली. ड सोडलं तर प्रत्येक रकान्यात वाढत्या वयाची मुलगी तोट्यात, आणि पैसे जवळपास तेवढेच. 'एकच खा पण गावरान खा' हा सल्ला ज्यांना दोन्ही परवडतं त्यांनी ज्यांना परवडत नाही त्यांना दिलेला आहे, मला त्याचीच चीड येते.

मोकळी अंडी घ्यायला एक खरं कारण आहे आणि ते या मेसेजमध्ये नाहीच. ते म्हणजे कोंबडी. जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यात एका कोंबडीला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा मिळते, पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही. युरोपियन युनियनने असे पिंजरे २०१२ पासून बंद केले. मोकळ्या कोंबडीला जागा जास्त लागते, ती हिंडते म्हणून खाते जास्त, अंडी थोडी कमी देते, काही कोंबड्या मुंगूस-मांजरं नेतात, म्हणून ते अंडं महाग. ज्याला परवडतं त्याने कोंबडीसाठी जरूर घ्यावं, मलाही जमेल त्या महिन्यात मी घेते. पण ज्या घरात पै-पै मोजून खर्च होतो तिथल्या आईला 'तू मुलाला विष देतेस' असं सांगायचा हक्क कुणाला नाही.

वहिनीला काल हे सगळं फोनवर सांगितलं. ती गप्प ऐकत होती, मग म्हणाली, "म्हणजे पांढरी आणू ना?" म्हटलं आण, तडा गेलेली घेऊ नकोस, बलक घट्ट होईपर्यंत उकड आणि पूर्वीसारखं रोज दे.