नोटा पहिला आला तरी निवडणूक रद्द होत नाही

निवडणुकीचं वारं सुटलं की इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक संदेश हमखास फिरतो. नोटाला, म्हणजे मतदान यंत्रावरच्या ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला, सर्वांत जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते, सगळे उमेदवार ६ वर्षांसाठी बाद होतात, सुप्रीम कोर्टाचाच तसा निकाल आहे, तेव्हा नोटा दाबा. पाठवणाऱ्यांची चीड खरी असते, आणि ती मला समजते. पण संदेशातलं एकही विधान इंदूरच्या लोकसभेला किंवा विधानसभेला लागू पडत नाही.

आधी कोर्टाचं पाहू. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर २७ सप्टेंबर २०१३ला निकाल लागला. तोवर कुणालाच मत द्यायचं नसेल तर केंद्रावरच्या नोंदवहीत तसा शेरा मारून सही करावी लागे, तीही उमेदवारांच्या एजंटांदेखत. नकार देणाऱ्याचं मतही गुप्त राहिलं पाहिजे, म्हणून यंत्रावर बटण द्या, असं कोर्टाने सांगितलं. त्याच वर्षाअखेर ज्या राज्यांत ते बटण प्रथम आलं, त्यांत आपला मध्य प्रदेशही होता. निवडणूक रद्द करण्याचा आदेश त्या निकालात नाही. उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मतं तोच विजयी, नोटाचा आकडा कितीही असो, असा खुलासा निवडणूक आयोगानेही तेव्हाच केला होता.

इंदूरकरांना तर हे आकड्यांतच दिसलं आहे. २०२४च्या लोकसभेला काँग्रेसचे अक्षय कांती बम यांनी २९ एप्रिलला अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. खुद्द भाजपच्या ज्येष्ठ नेत्या सुमित्राताई महाजनांनीही त्यावर आश्चर्य व्यक्त केलं होतं. काँग्रेसने नोटाचं आवाहन केलं आणि २,१८,६७४ लोकांनी ते बटण दाबलं. आधीचा विक्रम बिहारच्या गोपालगंजचा होता, २०१९ मधला, ५१,६६० मतांचा. भाजपचे शंकर लालवानी यांना १२,२६,७५१ मतं मिळाली, बसपाच्या संजय सोळंकी यांना ५१,६५९. म्हणजे दुसरा क्रमांक नोटाचा. तरी लालवानींचं मताधिक्य जाहीर झालं ११,७५,०९२. हे अंतर सोळंकींपासूनचं आहे. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसांचा नकार मताधिक्याच्या हिशेबात धरलाच गेला नाही, कारण कायद्याच्या लेखी नोटा हा उमेदवार नाही.

६ वर्षांची गोष्ट बहुधा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ मधून उचललेली असावी. ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याला शिक्षा भोगून सुटल्यावर ६ वर्षं निवडणूक लढवता येत नाही. नोटाशी त्याचा काही संबंध नाही.

नोटामुळे डिपॉझिट जप्त होतं, अशी पुरवणीही कुणी जोडतं. डिपॉझिट वाचवायला वैध मतांचा एक षष्ठांश हिस्सा लागतो, आणि त्या बेरजेत नोटा धरतच नाहीत.

मग निवडणूक रद्द होते ही समजूत आली कुठून? मला वाटतं, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये खरोखरच आदेश काढला होता की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची. पण तो तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता आहे. तिथल्या महापालिकेचा नियम इथल्या पार्षदालाही (नगरसेवकालाही) लागू होत नाही, खासदाराची तर बातच सोडा. खुद्द महाराष्ट्रात २०१९ला लातूर ग्रामीण विधानसभेत नोटा दुसरा आला, २०२२च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीतही आला, आणि दोन्हीकडे त्याचा निकालावर काहीही परिणाम झाला नाही.

असा नियम देशभर असावा, ही मागणी मात्र जिवंत आहे आणि मला ती पटते. तशा याचिकेवर सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये निवडणूक आयोगाला नोटीस काढली. त्याच महिन्यात सुरतला एकच उमेदवार उरला म्हणून मतदानच झालं नाही, तो बिनविरोध खासदार झाला. निदान अशा ठिकाणी तरी मतदान घ्यावं आणि लोकांना नोटाचं बटण मिळावं.