शोकगीताला इतकं कोण घाबरतं?
अमेरिकेतली कृष्णवर्णीय जाझ गायिका बिली हॉलिडे, तिच्या 'स्ट्रेंज फ्रूट' या गाण्याला तुमच्या लेखमालेतल्या लेखात नुसतं 'शोकगीत' म्हणून मोकळे झालात, ते पटलं नाही. कृष्णवर्णीयांना जमावानं मारून झाडाला लटकवण्यावरचं हे गाणं १९३९ साली तिच्याच कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं रेकॉर्ड करायला नकार दिला. अमेरिकेच्या दक्षिणेतलं गोरं गिऱ्हाईक बिथरेल ही धास्ती! शेवटी कमोडोर या छोट्या कंपनीनं काढलं. क्लबात ती ते गाताना वेटर जागच्या जागी थांबायचे, दिवे मालवायचे, उजेड फक्त तिच्या तोंडावर.

कातडीचा रंग आणि जात एक नव्हे, मान्य. पण नाशिककरांसाठी लिहिताना दलितांच्या प्रवेशासाठी झालेला काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह, देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक, विहितगावचे दलित कथाकार बाबूराव बागूल, कुणीच आठवू नये? पुढचा भाग बागुलांवर येऊ द्या. वामनदादांची गाणी ऐकायची तर आंबेडकर जयंतीला या इकडे.