मालीशवाल्या मावशींना शिकवायचं कोणी?

मसाजचे ऑनलाइन कोर्स हल्ली उदंड झालेत. व्हिडिओ बघा, चार प्रश्नांवर टिचक्या मारा, सर्टिफिकेट हजर. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मला हे अजिबात पटत नाही. दाब किती द्यायचा हे बघून कळत नाही. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा आणि "इथे जास्त होतंय, इथे नुसतं तेल फिरतंय" हे तिथल्या तिथे ऐकायला हवं.

पण मला खरं बोलायचंय ते बाळंतिणीची नि बाळाची मालीश करणाऱ्या मावशींबद्दल. आई-सासूच्या हाताखाली शिकलेल्या या बायांचा हात इतका छान बसलेला असतो की डिप्लोमावाल्यांनी त्यांच्याकडून धडे घ्यावेत. अडचण वेगळीच आहे. त्या शिकल्या तेव्हा सिझर क्वचित व्हायचं, आता घरोघरी होतं. आणि त्यानंतर त्यांना नवीन काही शिकवायला कोणी गेलंच नाही.

बाळंतपणानंतर सहा आठवडे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो, सिझर झालं असेल तर आणखी. एकच पाय सुजतो, पोटरी गरम लागते, ठणकते. बाळंतीण म्हणते, "मावशी, इथे जरा जोरात चोळा." चोळताना गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. शंका घ्यायला मोठं यंत्र लागत नाही. दोन्ही पोटऱ्यांना सारख्याच उंचीवर शिंप्याचा टेप लावायचा. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला तर तेलाची वाटी बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे पाठवायचं. फरक कमी असला, पण एकच पाय गरम आणि दुखरा असला, तरीही हात लावायचा नाही. हे शिकवताना एक मावशी म्हणाल्या, "दुखतंय म्हटलं की आम्ही जास्तच रगडतो ताई. कुठे रगडू नये, हे कोणी सांगितलंच नाही."

बाळांच्या बाबतीतही तेच. नाकाकानात तेल सोडणं, छाती पिळणं, पाय धरून उलटं टांगणं आता थांबलंच पाहिजे.

न्यूयॉर्क राज्यात मसाजचा परवाना हवा तर १००० तासांचं शिक्षण लागतं, आणि पुढेही दर ३ वर्षांत ३६ तास नव्याने शिकावं लागतं. आपल्या मावशींवर परवान्याची सक्ती मला नकोच आहे, त्याने त्यांचं पोट तेवढं मारलं जाईल. पण महापालिकेच्या प्रसूतिगृहांत वर्षातून दोनदा प्रत्यक्ष हात धरून शिकवायला काय हरकत आहे? नर्स आहेत, फिजिओ आहेत, खाटा आहेत. फक्त वर्ग दुपारी ठेवा, कारण सकाळभर त्या घरोघरी कामावर असतात. आणि बुडालेल्या कामाचे पैसे द्या, नाहीतर कोणी येणार नाही, आणि न येण्यात त्यांची काही चूक नसेल. तुमच्या प्रभागात कोणी नगरसेवक ऐकणारे असतील तर त्यांना हे सांगा. शिकवायला मी येईन, मानधन नको.