शेवटचा टाका

क्रोशाची सुई ज्यांनी हातात धरली आहे, त्यांना हे लगेच कळेल.

शिकागोला ड्यूट्स मिलर आणि स्टॅन शेलाबार्गर नावाचे दोन कलावंत राहतात. एकमेकांचे जोडीदार. दोघेही भरघोस दाढीवाले. २००३ पासून ते गुलाबी लोकरीची एक नळी विणताहेत. एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या. ती एकट्याने विणायची नाही आणि घरात बसूनही नाही. चारचौघांत, दोघांनी मिळूनच. नळी जसजशी वाढते तसतसे दोघे लांब लांब बसत जातात, तरी तिनेच बांधलेले राहतात. दोघांपैकी एक गेला की मागे राहिलेला ती उसवणार, हेही ठरलेलं आहे.

हे वाचलं तेव्हा माझ्या हातातली सुई थांबली. कारण क्रोशाचं विणकाम कुठूनही उसवत नाही. सुरुवातीची साखळी ओढून काही होत नाही, शेवटच्या टाक्यापासूनच मागे जावं लागतं. म्हणजे आपली बाजू आपल्या टोकापासून उसवली, तरी गेलेल्याची बाजू उसवायला मागे राहिलेल्याला समोरच्या टोकाला जाऊन बसावं लागेल. गेलेल्याने घातलेला शेवटचा टाका शोधून तिथून धागा ओढावा लागेल. वर्षानुवर्षं विणलेली लोकर उसवली तरी सरळ होत नाही, टाक्यांचे वळसे तिच्यात राहतातच.

त्यांच्याच आणखी एका कामात दोघांनी शेजारी शेजारी दोन खड्डे खणले, आत आडवे झाले आणि मधल्या मातीतून भोक पाडून एकमेकांचा हात धरला. बास, एवढंच.

माझा मामेभाऊ गेला तेव्हा त्याचा जोडीदार तेराव्याला मागे, चपलांच्या ढिगाशेजारी बसला होता. चौदा वर्षं एका घरात काढलेला माणूस. भटजींनी कुणाकुणाला पुढे बोलावलं, याला नाही. आठवड्याच्या आत आमच्याच माणसांनी त्याच्याकडून फ्लॅटची किल्ली मागून घेतली. मृत्युपत्र नव्हतं, आणि कायद्याच्या लेखी तो कुणीच नव्हता. मी तिथेच होते. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा राज्यभर लागू झाला जून २०१४ मध्ये. म्हणजे त्या नळीची पहिली अकरा वर्षं राज्याच्या लेखी हे दोघे नवरा-नवरा नव्हते, तरी ती वाढत होती. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की अशा विवाहाला मान्यता द्यायची की नाही हे संसदेने ठरवावं. प्रेमाला कागद लागत नाही, असं तेव्हा बऱ्याच जणांनी मला ऐकवलं. प्रेमाला नसेल लागत. दुःखाला लागतो, हे मी त्या चपलांच्या ढिगाशेजारी पाहिलंय. मागे राहिलेल्याला गेलेल्याच्या टोकाला जाऊन बसू देणारा कायदा मला हवाय, आणि तो येईपर्यंत निदान आमच्या घरच्यांनी तरी त्याला वाट द्यावी.

मामेभावाचा तो जोडीदार आता नाशिकला असतो. परवा रविवारी मी त्याला फोन केला, चार वर्षांनी. आधी दोघंही गप्पच होतो. मग त्याने विचारलं, "ताई, त्याला लहानपणी पोहायला कुणी शिकवलं होतं? त्याने कधी सांगितलंच नाही."

मामाने. विहिरीवर, कमरेला डबा बांधून. मी सगळं सांगत बसले.