चार जिल्ह्यांचा फॉरवर्ड आणि जयकरांची जागा

घरच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड: "जेसोर, खुलना, बारिसाल, फरीदपूरच्या जनतेने बाबासाहेबांना घटना समितीवर निवडून दिलं. म्हणून 71 टक्के हिंदू असलेले हे जिल्हे काँग्रेसने पाकिस्तानला दिले, बाबासाहेब पाकिस्तानचे सदस्य झाले. शेवटी इंग्रजांच्या दबावामुळे त्यांना मुंबईतून घेतलं."

आधी ते 71 टक्के. 1941ची जनगणना उघडा. बाकरगंज, म्हणजे बारिसालचा जिल्हा, 72 टक्के मुस्लिम. फरीदपूर जवळपास 65, जेसोर 60. आकडा उलटा करून छापलाय, बाकी काही नाही! फाळणीच्या 3 जून 1947च्या योजनेला मुस्लिमबहुल जिल्ह्यांची यादी जोडलेली होती. हे तिन्ही त्यात आहेत. खुलना मात्र नाही. तिथे हिंदू निम्म्याहून किंचित जास्त होते आणि तरी तो जिल्हा गेला, एवढं मान्य. पण सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफच्या त्याच निवाड्यात मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद भारतात आला. ही शिक्षा कुणाला?

दुसरं, जनतेने मतदान केलंच नव्हतं. मतदार होते प्रांतिक विधानसभेचे आमदार, पद्धत पसंतीक्रमाची. बंगालच्या सर्वसाधारण जागा 27, म्हणून कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, एकूण मतांचा अठ्ठाविसावा भाग अधिक एक. समजा 84 मतं पडली, तर चार मतांत माणूस निवडून येतो. म्हणून तर बाबासाहेबांच्याच पक्षाचे बंगालमधले आमदार जोगेंद्रनाथ मंडल यांनी जमवलेली मूठभर मतं पुरली.

पाकिस्तानचे सदस्य वगैरे काही नाही. फाळणी ठरल्यावर बंगालच्या सगळ्याच जागांसाठी नव्याने निवडणूक घ्यायची होती, पश्चिमेला 19, पूर्वेला 41. बारिसाल भारतात राहिलं असतं तरी ती जागा गेलीच असती.

इंग्रजांचा दबाव? घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांचं मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेरांना 30 जून 1947चं पत्र वाचा. आंबेडकरांचं काम गमावणं परवडणार नाही, 14 जुलैच्या अधिवेशनाला ते हवेत, ताबडतोब निवडून द्या, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. घटना समितीचे सदस्य बॅ. मु. रा. जयकर यांच्या राजीनाम्याने मुंबईची एक जागा रिकामी होती. जागा एकच असली की त्याच 84 मतांत 43 लागतात, म्हणजे बहुमतवाला पक्ष म्हणेल तो. मुंबईत ते बहुमत काँग्रेसचं होतं.

हो, 1946मध्ये याच काँग्रेसने त्यांना मुंबईतून येऊ दिलं नव्हतं. त्यांच्या शेकाफेचा (शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन) तिथे एकही आमदार नव्हता, म्हणून बंगाल गाठावं लागलं. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही.