‘शीर सरकली, ओढून बसवा’ हे बोटाला महागात पडतं

कड्यांवर आणि सरावाच्या भिंतींवर (वॉल) चढाई करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे: ‘क्रिम्प (वाकवलेल्या बोटांच्या टोकांनी अरुंद कडेची पकड) धरताना बोटात कट् झालं तर शीर सरकली समजा. बोट ओढून बसवा, बर्फ चोळा, टेप घट्ट गुंडाळा, सहा आठवडे बोट हलवू नका. दुखायचं थांबलं की पुन्हा वॉलवर.’ पाठवणारे आपलेच मित्र असतात, म्हणून मनापासून उत्तर देते आहे.

शीर सरकत नाही. बोट वाकवणारी कंडरा (टेंडन) हाडालगत राहावी म्हणून तिच्यावरून आडवे पट्टे गेलेले असतात, त्यांना आपण पुली म्हणतो. गळाच्या काठीवरच्या कड्यांतून दोरा जातो, तशी त्यांतून कंडरा जाते. क्रिम्पमध्ये मधला सांधा काटकोनात वाकतो, टोकाचा उलटा ताणला जातो आणि बोटाच्या मुळाकडच्या ए-२ पुलीवर प्रचंड भार येतो. इजा बहुतेक वेळा तिथेच होते, तीही अनामिकेत किंवा मधल्या बोटात. कट् आवाज हा काहीतरी फाटल्याचा असू शकतो. फाटलेला पट्टा ओढून कसा बसेल? ओढलं तर फाट वाढायचीच भीती.

बर्फाने पहिले एक-दोन दिवस ठणका कमी होतो, इतकंच. १९७८ मध्ये विश्रांती-बर्फ-दाब-उंची हे सूत्र मांडणाऱ्या डॉ. गेब मिर्किन यांनीच पुढे सांगितलं, की बर्फाने भरून येणं लांबू शकतं. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, पण पुलीची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका.

टेपचं खरं गणित घट्टपणात नाही, आकारात आहे. चढाईतल्या इजांचे अभ्यासक फोल्कर श्योफ्ल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पुली तुटलेल्या बोटांवर इंग्रजी एच अक्षरासारखी चिरलेली टेप (एच-टेप) तपासली, तेव्हा कंडरा आणि हाड यांच्यातलं अंतर सुमारे १६ टक्क्यांनी कमी झालं. साधारण दहा सेंटिमीटरची पट्टी दोन्ही टोकांकडून उभी चिरायची, मध्ये सेंटिमीटरभर जोड ठेवायचा. जोड मधल्या सांध्याच्या तळव्याकडच्या बाजूला येतो. दोन शेपट्या सांध्याच्या मुळाकडे गुंडाळायच्या, मग बोट वाकवून उरलेल्या दोन टोकाकडे. बोटाचं टोक निळसर झालं तर लगेच सैल करा.

सहा आठवडे हालचाल बंद, हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. एकच पुली पूर्ण तुटली तरी बोट स्थिर ठेवतात ते साधारण दहा ते चौदा दिवस. नुसत्या लचकेला तेवढंही लागत नाही. मग मूठ उघडणं-मिटणं, आकड्यासारखी बोटं वाकवणं, तांदळाच्या डब्यात हात फिरवणं. त्यानंतर पाय जमिनीवर ठेवूनच बोटांनी लटकायच्या सराव-बोर्डच्या मोठ्या कडेवर थोडा थोडा भार. दहापैकी दोन-तीनपेक्षा जास्त दुखलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी बोट आखडलं, तर भार कमी करा. ऊतींना हा मोजका ताण हवाच असतो. मात्र ‘दुखत नाही’ म्हणजे ‘भरलं’ नव्हे. ए-२ पूर्ण तुटली असेल तर पूर्ण ताकदीने चढायला तीनेक महिने जातात, आणि क्रिम्प सर्वांत शेवटी.

हे सगळं घरी करायचं ते सोनोग्राफीत इजा किती आहे हे कळल्यावर. बोट वाकवताना कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी उठून दिसली, टोक वाकेनासं झालं, बधिरपणा आला, किंवा अख्खं बोट सुजून लाल आणि गरम झालं, तर त्याच दिवशी हाताच्या शल्यविशारदाकडे जा.

आणि मुलांना तर हा संदेश पाठवूच नका. तेरा ते सोळा वयात पुलीआधी मधल्या पेराच्या मुळाशी असलेली वाढीची चकती (हाड जिथून वाढतं तो कूर्चेचा थर) मोडते. तिथे टेप, तांदूळ, लेप काहीच नाही: चढाई बंद आणि एक्स-रे. त्यात काही दिसलं नाही आणि दुखणं तसंच राहिलं, तर एमआरआय.